केबल ऑपरेटर म्हणजे काय? ढाणकीसारख्या गावात केबल टीव्ही कसा चालतो आणि तो अडचणीत का आलाय?

यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातलं ढाणकी हे आजूबाजूच्या खेड्यांचं आणि बंदी भागातल्या गावांचं बाजाराचं ठिकाण. जिल्हा यवतमाळ असला तरी इथून नांदेड जवळ पडतं. अशा गावात घरचा टीव्ही बिघडला की कस्टमर केअरला फोन लावायच्या आधी लोक एकाच माणसाला फोन करतात, तो म्हणजे केबलवाला.

पण तुमच्यापैकी अनेकांनी गेल्या महिन्याभरात टीव्हीचा रिमोट हातातही घेतला नसेल. मॅच मोबाईलवर, सिरियल मोबाईलवर, बातम्याही मोबाईलवर. मग केबलची माहिती कशाला हवी? कारण जी वायर आज टीव्हीसाठी घरात आली आहे, त्याच रस्त्याने उद्या तुमच्या घरात वायफाय येऊ शकतं. आणि ती वायर सांभाळणारा माणूस सध्या अडचणीत आहे. केबल सेवा नेमकी कशी चालते, पैसे कोणाला जातात आणि अडचण कुठे आहे, ते या लेखात एकेक करून पाहू.

केबलच्या धंद्यात कोण कोण असतं?

तुमच्या टीव्हीवर चॅनेल दिसेपर्यंत तीन जणांचे हात लागतात.

१. ब्रॉडकास्टर: चॅनेलचा मालक. झी, स्टार, सोनी, सन, दूरदर्शन वगैरे. हे आपला सिग्नल उपग्रहावर पाठवतात.

२. एमएसओ, म्हणजे मल्टी सिस्टीम ऑपरेटर: ही मोठी केबल कंपनी. उपग्रहावरून शेकडो चॅनेल उतरवून घ्यायचे, ते एकत्र करायचे, लॉक करायचे आणि फायबरवरून गावोगावी पाठवायचे, हे तिचं काम. हॅथवे, डेन, जीटीपीएल ही देशपातळीवरची नावं. विदर्भात नागपूरची यूसीएन ही अशीच एक प्रादेशिक कंपनी.

३. एलसीओ, म्हणजे लोकल केबल ऑपरेटर: आपला केबलवाला. एमएसओकडून आलेला सिग्नल गावात घरोघरी पोचवायचा, वसुली करायची, तुटलेली वायर जोडायची, ही सगळी कामं त्याची.

गावात बोर्डावर मोठ्या कंपनीचं नाव असतं, पण खांबावरची वायर बहुतेक वेळा या तिसऱ्या माणसाने स्वतःच्या पैशाने टाकलेली असते. पुढचं सगळं समजायला एवढं लक्षात ठेवा.

सिग्नल घरापर्यंत कसा येतो?

एमएसओच्या मुख्य केंद्राला हेडएंड म्हणतात. तिथे मोठ्या डिश अँटेना असतात. त्यांनी पकडलेले चॅनेल डिजिटल करून, दाबून, एकमेकांत मिसळून एका सिग्नलमध्ये बसवले जातात. नंतर त्यांना कुलूप लागतं. या कुलपाच्या यंत्रणेचं नाव कंडिशनल ॲक्सेस सिस्टीम. कोणत्या घरात कोणता चॅनेल उघडायचा याची नोंद सबस्क्रायबर मॅनेजमेंट सिस्टीममध्ये असते.

तिथून सिग्नल प्रकाशाच्या रूपात फायबरमधून निघतो. गावात एक छोटा डबा बसवलेला असतो, त्याला नोड म्हणतात. तो प्रकाशाचं रूपांतर विजेच्या सिग्नलमध्ये करतो. नोडपासून पुढे काळी जाड कोएक्सियल केबल. अंतर वाढलं की सिग्नल कमजोर होतो, म्हणून मधे मधे ॲम्प्लिफायर. शेवटी तुमच्या घरातला सेट टॉप बॉक्स, जो कुलूप उघडून चित्र दाखवतो.

यातून दोन नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं मिळतात:

- जोराच्या पावसात छतावरच्या छोट्या डिशचा टीव्ही जातो, केबलचा का जात नाही? घरगुती डीटीएच केयू बँडवर चालतो. ही फ्रिक्वेन्सी जास्त असल्यामुळे पावसाचे थेंब सिग्नल जास्त शोषतात. केबलच्या हेडएंडवर बरेच चॅनेल सी बँडवर, मोठ्या डिशने घेतले जातात. त्यांना पावसाचा त्रास कमी होतो.

- मग लाईट गेली की केबल का जाते? कारण नोड आणि ॲम्प्लिफायर दोघांनाही वीज लागते. तुमच्या घरी इन्व्हर्टर असेल, पण दोन गल्ल्या पलीकडच्या ॲम्प्लिफायरला लाईट नसेल, तर तुमचाही टीव्ही बंद.

आधी केबलवाला मालक होता, मग तो एजंट कसा झाला?

१९९१ च्या आखाती युद्धाच्या बातम्या उपग्रहावरून दिसायला लागल्या आणि भारतात केबलचं वारं सुटलं. १९९२ मध्ये झी टीव्ही आला. गावोगावी धडपड्या पोरांनी डिश लावून, व्हीसीआर जोडून, झाडांवरून आणि गच्च्यांवरून वायरी ओढून धंदा सुरू केला. १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा आला आणि ऑपरेटरला पोस्टात नोंदणी करावी लागली. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आजचं झी मराठी) आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी (आजचं कलर्स मराठी) सुरू झाले. मराठी घरांमध्ये केबल पक्की बसली ती यानंतर.

तेव्हाची केबल ॲनालॉग होती. एका चॅनेलला पूर्ण ८ मेगाहर्ट्झ जागा लागायची, म्हणून साठ-सत्तर-शंभर चॅनेलवर गाडी थांबायची. पण कंट्रोल रूम गावातली, डिश गावातली, यंत्रं ऑपरेटरच्या मालकीची. कोणता चॅनेल कुठल्या नंबरवर लावायचा आणि महिन्याला किती पैसे घ्यायचे, हे तोच ठरवायचा. याची दुसरी बाजूही होती. गावात नेमकी किती कनेक्शन आहेत हे त्याच्याशिवाय कुणालाच कळत नसे. त्यामुळे ब्रॉडकास्टरला पैसे बुडाल्यासारखे वाटायचे आणि सरकारला करमणूक शुल्क.

म्हणून सरकारने डिजिटल केबल सक्तीची केली. २०१२ मध्ये महानगरांपासून सुरुवात झाली. २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात पुणे, नागपूर, नाशिकसारखी शहरं आली. ग्रामीण भाग शेवटच्या, चौथ्या टप्प्यात होता आणि त्याची मुदत ३१ मार्च २०१७ ला संपली.

ग्राहकाचा फायदा झाला. तेवढ्याच ८ मेगाहर्ट्झमध्ये आता पंधरा-वीस साधे चॅनेल बसतात, चित्र स्वच्छ दिसतं, एचडी मिळतं. पण डिजिटल हेडएंडचा खर्च छोट्या गावाच्या ऑपरेटरला परवडणारा नव्हता. त्याने स्वतःची कंट्रोल रूम बंद केली आणि एमएसओचा सिग्नल घेतला. आता बॉक्स एमएसओचा, कुलूप एमएसओचं, ग्राहकांची यादी एमएसओच्या कॉम्प्युटरवर. ऑपरेटरकडे उरली ती वायर आणि गावातली ओळख.

महिन्याच्या बिलातले पैसे कुठे जातात?

ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये नवे दर नियम काढले. कोर्टकचेऱ्या होऊन ते २०१९ च्या सुरुवातीला लागू झाले. नियम असा की ग्राहकाने हवे तेच चॅनेल निवडावेत. त्यानंतर बिलाचे तीन भाग झाले:

- नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वायरीचं भाडं. २०१९ मध्ये १०० साध्या चॅनेलसाठी जास्तीत जास्त १३० रुपये. २०२० पासून तेवढ्याच पैशात २०० चॅनेल द्यायचं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढली. आता कंपन्या ही फी स्वतः ठरवून जाहीर करतात.

- पे चॅनेलची किंमत. ही ब्रॉडकास्टर ठरवतो. १९ रुपयांपेक्षा महाग चॅनेल पॅकेजमध्ये घालता येत नाही, तो सुटा घ्यावा लागतो.

- १८ टक्के जीएसटी.

वाटणीबाबत ट्रायचा नमुना असा: वेगळा करार नसेल तर नेटवर्क फीचे ५५ टक्के एमएसओला आणि ४५ टक्के लोकल ऑपरेटरला.

आता थोडं गणित करू. १३० रुपयांचे ४५ टक्के म्हणजे ५८ रुपये ५० पैसे. समजा एका ऑपरेटरकडे ४०० कनेक्शन आहेत. नेटवर्क फीतून त्याला महिन्याला २३,४०० रुपये येतात. पे चॅनेलच्या कमिशनमधला वाटा वेगळा, पण तो मोठा नसतो. यातून लाईनवर चढणाऱ्या पोराचा पगार, पेट्रोल, नोड-ॲम्प्लिफायरचं वीजबिल, जळालेली यंत्रं आणि नवी वायर भागवायची.

आता ४०० पैकी १५० लोकांनी केबल सोडली असं धरा. उरले २५०. हातात १४,६२५ रुपये. पण ही २५० घरं एका गल्लीत नसतात. इकडे दोन, तिकडे चार अशी विखुरलेली असतात. वायरीची लांबी तेवढीच, ॲम्प्लिफायर तेवढेच, पावसाळ्यात तुटणारे जोडही तेवढेच. कमाई तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घटली, खर्च जवळपास आहे तिथेच. लोक सोडतात म्हणून दुरुस्तीला पैसा उरत नाही, दुरुस्ती लांबते म्हणून आणखी लोक सोडतात. छोट्या गावातली केबल बंद पडते ती बहुतेक अशीच, हळूहळू.

त्यात उधारीचा प्रश्न. नव्या पद्धतीत बहुतेक एमएसओ प्रीपेड आहेत. ऑपरेटरने आधी आपल्या वॉलेटमध्ये पैसे भरायचे, मगच ग्राहकाचा बॉक्स चालू होतो. ढाणकीच्या पट्ट्यात पैसा येतो तो सोयाबीन-कापूस विकल्यावर. "माल विकला की देतो" म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाचा टीव्ही दिवाळीच्या तोंडावर बंद कसा करायचा? मग ऑपरेटर पदरचे भरतो. कंपनीचं सॉफ्टवेअर थांबत नाही, गाव मात्र थांबायला सांगतं. मधला ताण ऑपरेटरच्या खिशावर.

ग्राहक जातात कुठे?

केबल फेडरेशन आणि ईवाय यांच्या २०२५ च्या अहवालानुसार भारतात पैसे भरून टीव्ही बघणारी घरं २०१८ मध्ये १५.१ कोटी होती, ती २०२४ मध्ये ११.१ कोटींवर आली. यात डीटीएचचे ग्राहकही धरलेत, म्हणजे फटका दोघांनाही आहे. ग्राहक मुख्यतः दोन बाजूंना गेले.

डीडी फ्री डिश: प्रसार भारतीची ही सेवा २००४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली. डिश आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं बिल शून्य. सह्याद्रीबरोबर काही खासगी मराठी चॅनेलही दिसतात. ज्या घराला महिन्याचे दोन-तीनशे रुपये जड जातात, त्याला हा सरळ हिशोब वाटतो.

मोबाईल आणि ओटीटी: स्वस्त डेटा आल्यावर घरातली तरुण मंडळी आधी गेली. २०२३ ची आयपीएल मोबाईलवर फुकट होती आणि टीव्हीवर त्याच मॅचसाठी पे चॅनेल घ्यावा लागत होता. तुम्हीच सांगा, त्या वर्षी तुम्ही कशावर पाहिली?

भांडणं वर, फटका खाली

दरांवरून ब्रॉडकास्टर, एमएसओ आणि ट्राय यांच्यात वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. नव्या दरांच्या विरोधात राज्यातल्या केबल संघटनांनी २७ डिसेंबर २०१८ ला संध्याकाळी ७ ते १० ब्लॅकआउट पुकारला होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये उलटं झालं. नव्या दरांच्या करारावर सही न केलेल्या केबल कंपन्यांचे सिग्नल स्टार, झी आणि सोनीने काही दिवस बंद केले. साडेचार कोटी घरांना फटका बसला, असा केबल फेडरेशनचा दावा होता. वाद दिल्ली-मुंबईचा, पण गावातल्या काकू "सिरियल का दिसत नाही रे?" असं विचारायला ऑपरेटरच्याच दारात येतात.

वरच्या कंपन्याही बदलताहेत. रिलायन्सने २०१८ मध्ये हॅथवे आणि डेनमधला मोठा हिस्सा घेण्याचा करार केला. म्हणजे जिओचा मोबाईल आणि फायबर विकणारा समूहच केबल कंपन्यांचाही मालक झाला. सिटी नेटवर्क्स ही दुसरी मोठी केबल कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. एमएसओ बदलला की ऑपरेटरला घरोघरचे बॉक्स बदलावे लागतात, कारण एका कंपनीच्या कुलपाची किल्ली दुसऱ्या कंपनीच्या सिग्नलला लागत नाही.

मग वाचायचं कसं? उत्तर आहे फायबर

काळ्या कोएक्सियल वायरीच्या जागी घरापर्यंत फायबर नेला, तर एकाच बारीक तारेतून टीव्ही आणि इंटरनेट दोन्ही जातात. दोघांसाठी प्रकाशाचे वेगवेगळे रंग वापरतात. रंग म्हणजे तरंगलांबी, डोळ्यांना न दिसणारी:

- इंटरनेट तुमच्याकडे येतं १४९० नॅनोमीटरवर
- तुमच्याकडून परत जातं १३१० नॅनोमीटरवर
- टीव्हीचा सिग्नल १५५० नॅनोमीटरवर

तीन गाड्या एकाच रस्त्यावर, पण लेन वेगळ्या. म्हणून डाऊनलोड चालू असताना टीव्ही अडकत नाही. घरी बसवलेल्या डब्याला ओएनयू म्हणतात. तो एका पोर्टमधून वायफाय आणि टीव्हीचं पोर्ट असेल तर दुसऱ्यातून केबल टीव्ही देतो.

गावासाठी सगळ्यात मोठा फायदा विजेचा. ऑपरेटरच्या ऑफिसपासून तुमच्या घरापर्यंत मधे फक्त स्प्लिटर असतात आणि त्यांना लाईट लागत नाही. ऑफिसला बॅटरी आणि तुमच्या घरी छोटा यूपीएस असला, की लोडशेडिंगमध्येही नेट चालू.

पण हे सोपं नाही. फायबर, जोडणीचं मशीन, ऑफिसमधलं ओएलटी यंत्र, सगळ्याला आधी पैसा घालावा लागतो. इंटरनेट द्यायला परवानाधारक कंपनीशी करार लागतो. ऑपरेटर स्वतःच्या नावावर तसंच नेट विकू शकत नाही. खांबाचाही प्रश्न आहे. २०११ च्या दुरुस्तीने केबल कायद्यात वायर टाकण्याच्या हक्काचं कलम आलं, पण महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय वायर लावली तर ती कापली जाऊ शकते. शिवाय आता बिनवायरचे एअरफायबरही शर्यतीत आहेत.

काही गोष्टी सोप्या झाल्यात. १७ जानेवारी २०२५ पासून लोकल ऑपरेटरची नोंदणी पोस्टाऐवजी ब्रॉडकास्ट सेवा पोर्टलवर होते. शुल्क ५,००० रुपये, मुदत ५ वर्षं, आणि ती देशभर चालते.

लोकल चॅनेलचं काय?

गावातलं गणपती विसर्जन, आठवडी बाजाराची सूचना, निवडणुकीचा निकाल, कुणाच्या दहाव्याची बातमी, हे राज्यभराच्या चॅनेलवर येत नाही. केबलच्या लोकल चॅनेलवर येतं. सरकारी भाषेत याला प्लॅटफॉर्म सर्व्हिस म्हणतात. नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एमएसओला अशा चॅनेलची नोंदणी करावी लागते आणि त्यांच्या संख्येवर साधारणपणे एकूण चॅनेल क्षमतेच्या ५ टक्क्यांची मर्यादा असते. बरेचसे लोकल चॅनेल आता यूट्यूबवरही असतात. पण यूट्यूबवर ते शोधावं लागतं. केबलवर चॅनेल बदलता बदलता आजी-आजोबांना ते आपोआप सापडतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चॅनेलच्या किमती कुठे बघायच्या?
तुमच्या बॉक्सवर ९९९ नंबर लावून बघा. ग्राहकांसाठीची माहिती या नंबरवर दाखवायची असते. नको असलेले पे चॅनेल काढायला सांगा, बिल कमी होतं.

दुसऱ्या कंपनीचा जुना बॉक्स चालेल का?
नाही. कुलपाची यंत्रणा वेगळी असते.

तक्रार कशी करायची?
ऑपरेटरला फोन करा, पण एमएसओच्या टोल फ्री नंबरवरही नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. क्रमांक नसेल तर पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.

केबलवाल्याकडून वायफाय घेताना काय विचारायचं?
एवढंच विचारा:
- इंटरनेट कोणत्या परवानाधारक कंपनीचं आहे?
- घरापर्यंत फायबर येणार का, की शेवटचा तुकडा साध्या लॅन वायरचा?
- डेटाची मर्यादा किती आणि ती संपल्यावर स्पीड किती?
- राऊटरचे पैसे परत मिळतात का?
- लाईट गेल्यावर तुमच्या ऑफिसला बॅकअप किती तासांचा?

केबल बंद करायची असेल तर?
नुसतं पैसे भरणं थांबवू नका. बंद करायचं कळवा, बॉक्स भाड्याचा असेल तर परत देऊन अनामत मागा आणि पावती घ्या.

थोडक्यात सांगायचं तर, ढाणकीसारख्या गावात केबल टिकेल की नाही हे चॅनेलच्या संख्येवर ठरणार नाही. खांबावरच्या त्या वायरीतून आणखी काय काय देता येतं, आणि त्यासाठी लागणारा पैसा ऑपरेटर वेळेत उभा करू शकतो का, यावर ते ठरेल. घरच्यांनी केबल तोडायचं ठरवलं असेल तर तोडा, पण त्याआधी ऑपरेटरला एकदा विचारा, "फायबर कधी टाकताय?" अशी विचारणा करणारी दहा-वीस घरं एका गल्लीत निघाली, तर तिथे फायबर टाकणं त्यालाही परवडू शकतं.